रंगाखालचे काम

आम्ही या शाळेत शिकत असताना सुतारकामाचा तास आठवड्यातून दोनदा असे. आमच्या सुतारकामाच्या गुरुजींची एक सवय आम्हा मुलांस त्या काळी फार जाचक वाटे. एखाद्या मुलाने लाकडी पेटी पुरी करून, तिला झिलई देऊन, मोठ्या अभिमानाने त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, की ते तिच्या चकचकीत झाकणाकडे पाहतही नसत. ते ती पेटी उलटी करीत, चष्मा नाकावर नीट बसवीत आणि तळ न्याहाळू लागत. तळाशी खिळा वाकलेला असला, किंवा एखादा सांधा भुसा व सरस यांनी बुजविलेला असला, तर पेटी एक शब्दही न बोलता परत मिळे. "गुरुजी, तळ कोण पाहतो?" असा प्रश्न आमच्यापैकी एका धीट मुलाने त्यांस एकदा केला. "ज्याने केला तो," एवढेच उत्तर देऊन गुरुजी पुढल्या पेटीकडे वळले. त्या उत्तराचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला नाही. तो कळावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली, आणि कळला तोही या वर्गात नव्हे, तर सातासमुद्रापलीकडील एका गॅरेजात, काचेच्या कापडाचे विमान बांधीत असता. ती हकीकत यंदाच्या वार्षिकासाठी लिहावी असे आम्ही योजिले आहे.

इ. स. १९८३ च्या उन्हाळ्यात आम्ही पुढील शिक्षणाकरिता अमेरिकेस गेलो व कॅलिफोर्निया राज्यात आमच्या मामांच्या घरी राहिलो. मामा पेशाने इंजिनिअर होते. घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मामींनी आम्हांस सारे घर फिरवून दाखविले. मोटार बाहेर अंगणात उन्हात उभी होती. गॅरेजचे दार उघडून पाहतो तो आत एक लांबलचक टेबल, निळ्या रंगाचे हलके ठोकळे, भिंतीशी कापडाचे तागे आणि मध्यभागी होडीसारखी दिसणारी एक अर्धवट वस्तू!

"मोटार आत का ठेवीत नाही?" आम्ही विचारले.

"आत विमान राहते," मामी म्हणाल्या. "मोटार आमची धाकटी. ती दोन वर्षे बाहेरच निजते."

विमान म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांत, शेकडो कामगारांनी, प्रचंड यंत्रांच्या साहाय्याने बांधावयाची वस्तू, अशीच आमची समजूत होती. आणि आमच्या बहुतेक वाचकांचीही तीच असेल. परंतु अमेरिकेत स्वतःच्या हाताने, स्वतःपुरते विमान बांधण्याचा छंद फार जुना आहे. अशा हौशी लोकांची एक मोठी संस्था तेथे इ. स. १९५३ मध्ये स्थापन झाली व तिचा वार्षिक मेळा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी भरतो. तेथील कायद्यान्वये, विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणाकरिता वा विरंगुळ्याकरिता स्वतः केलेले असले, तर तपासणीअंती त्यास ते उडविण्याची परवानगी मिळते.

मामा बांधीत होते त्या विमानाचे नाव 'लाँग-ईझी'. बर्ट रुटान या विख्यात विमानरचनाकाराने ते आखले व त्याचे पहिले उड्डाण इ. स. १९७९ मध्ये झाले. मोहावी नावाच्या वाळवंटी गावातील रुटान यांच्या छोट्याशा कारखान्यातून त्याचे नकाशे व कृतीचे पुस्तक विकत मिळे. विमान मिळत नसे, ते ज्याचे त्याने करावयाचे. त्याचे रूप मोठे विलक्षण होते. दोन माणसे एकामागे एक बसणार, इंजिन व पंखा पाठीमागे, आणि सामान्य विमानास शेपटीकडे असतो तो लहान आडवा पंख येथे नाकाजवळ, अगदी पुढे! या पुढल्या पंखास 'कॅनार्ड' म्हणतात. फ्रेंच भाषेत कॅनार्ड म्हणजे बदक. ही रचना केवळ दिखाऊ नव्हे. विमानाचा वेग फार मंदावला की पंखाची उचलून धरण्याची शक्ती एकाएकी नाहीशी होते व विमान कोसळू शकते. या रचनेत पुढल्या पंखाची शक्ती आधी घटते, त्यामुळे नाक आपोआप थोडे खाली येते, वेग वाढतो आणि मुख्य पंख शाबूत राहतो. असा हा बदकाचा पंख त्या विमानाचा राखणदारच म्हणावयाचा. वाचकांनी त्याची आठवण ठेवावी. आमच्या हकीकतीत त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता हे विमान कशाचे, ते सांगितले पाहिजे. ते लाकडाचे नव्हते व धातूचेही नव्हते. त्याचे पोट फोमचे आणि कातडी काचेची! आपल्याकडे एके काळी मखरे व नाटकांचे देखावे ज्या थर्माकोलचे करीत, त्याच जातीचा, परंतु अधिक घट्ट व निळ्या रंगाचा असा तो फोम असे. काचेचे म्हणाल तर केसाहून बारीक अशा काचतंतूंचे विणलेले कापड. हे कापड इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून फोमवर चढवावयाचे. राळ वाळली की ते दगडासारखे कठीण होते. कारखान्यात प्रथम साचा करून त्यात असे कापड बसवितात. शंभर नग करावयाचे असतील तर साचा परवडतो. एकाच विमानासाठी साचा करावयाचा म्हणजे विमानाहून साच्याचेच काम जास्त. रुटान यांची युक्ती अशी, की फोमलाच पंखाचा अचूक आकार द्यावा, त्यावर काच चढवावी आणि फोम आत तसाच कायम राहू द्यावा.

प्रथम आम्हांस यावर विश्वास बसेना. फोम अंगठ्याने दाबला तर खड्डा पडतो, आणि काचेचा एक थर वाळवून हातात घेतला तर तो पत्त्यासारखा लवतो. दोन दुबळ्यांनी मिळून आकाशात माणूस कसा तोलावा? मामांनी पुठ्ठ्याचे एक रिकामे खोके पुढे ओढले व त्याच्या भिंतीची कड आम्हांस दाखविली. दोन पातळ कागद आणि मध्ये नागमोडी कागद, एवढ्यावर ते खोके मणभर ओझे सोसते. मधला कागद दोन्ही बाजूंचे कागद एकमेकांपासून दूर व जागच्या जागी धरून ठेवतो, यातच सारे बळ आहे. पंखाचेही तेच. आमच्या विद्यार्थीमित्रांनी घरी एखादे खोके कापून हा प्रयोग अवश्य पाहावा.

आम्हांस पहिले काम मिळाले ते फोम कापण्याचे. लाकडी चौकटीस बारीक पोलादी तार ताणून बसविलेली असे व तीतून वीज सोडली की ती तापे. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांस पंखाच्या छेदाच्या आकाराचे साचे ठोकीत व त्या साच्यांच्या कडेने तार सावकाश ओढीत नेली की फोम लोण्यासारखा कापला जाई. परंतु तारेचे एक टोक मामांच्या हाती आणि दुसरे आमच्या. एकजण पुढे गेला व दुसरा मागे राहिला, की पंख वाकडा! म्हणून साच्यांवर आकड्यांच्या खुणा केलेल्या असत. एकाने आकडे म्हणत जावयाचे व दोघांनी त्या त्या आकड्यावर एकाच क्षणी पोहोचावयाचे. पुढे मुख्य पंख कापताना तर याची महती अधिकच पटली, कारण त्याचे एक टोक रुंद व दुसरे अरुंद. दोघांचे अंतर निराळे, पण आकडा एकच. मामा आकडे म्हणत ते मराठीत. "बारा... सव्वाबारा... साडेबारा... पावणेतेरा..." लहानपणी पाठ केलेल्या पावकी-निमकीचा सूर त्यांच्या आवाजात नकळत येई, आणि त्या परमुलुखातील गॅरेजात आम्हांस आमच्या प्राथमिक शाळेची ओसरी दिसू लागे.

फोमचाही एकच प्रकार नव्हता. विमानाच्या धडाची काही वळणे दुसऱ्या एका फोममधून सुरीने व वाळूकागदाने कोरावयाची असत. त्या फोमला मात्र तापलेली तार कदापि लावू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. मामांनी तसे ठळक अक्षरांत लिहून कागद भिंतीवर डकविला होता.

फोम कापून झाला की काचेची पाळी. त्या आधी काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे, दिसावयास अगदी मैद्यासारखे, राळेत मिसळून त्याचे पातळ सारण फोमवर फासावयाचे, म्हणजे फोमची छिद्रे भरतात व वरची राळ तो पिऊन टाकीत नाही. मामी एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "हे तर घावनाचे पीठ!" त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात त्याचे नाव घावनाचे पीठ असेच पडले.

मग त्यावर कापड पसरावयाचे. येथे धाग्यांची दिशा फार महत्त्वाची. बांबूची काठी लांबीच्या दिशेने किती बळकट असते आणि उभी चिरावयास किती सोपी, हे सर्वांस ठाऊक आहे; काचेचे बळही तसेच, धाग्याच्या दिशेने. म्हणून पंख पिळवटू नये यासाठी काही थर तिरपे, एकमेकांस छेदून घालीत; आणि तो वाकून मोडू नये यासाठी लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या एकीवर एक बसवून पंखाचा कणा तयार करीत. कोरडे कापड पांढरेशुभ्र असते. राळ मुरली की ते पारदर्शक होते व खालचा निळा फोम स्वच्छ दिसू लागतो. जेथे पांढरा ठिपका उरला तेथे हवा अडकली असे समजावे, आणि ब्रशाने ठोकून वा रबरी पट्टीने निपटून ती घालवावी. मात्र राळ जास्त झाली तरी चालत नाही. बळ काचेत असते. जादा राळ म्हणजे नुसते ओझे. "तहान भागेल इतकेच पाणी," असे मामा म्हणत.

राळ वाळण्याची वेळही सांभाळावी लागे. तीन-चार तासांनी काच चामड्यासारखी होई. तेवढ्या अवधीत बाहेर आलेल्या कडा धारदार पात्याने कापून घ्यावयाच्या. खोबऱ्याची वडी थापून ती कोमट असतानाच सुरी फिरवावी, तसे हे काम. वेळ टळली की मग करवतीवाचून गती नाही.

परंतु सर्वांत नाजूक काम होते ते राळ मिसळण्याचे. राळ एका डब्यात व तिला कठीण करणारे द्रव्य दुसऱ्या डब्यात. आमच्या राळेचे प्रमाण वजनाने १०० भागांस ४४ भाग असे होते. यात अजमासपंचे चालत नाही. द्रव्य कमी पडले तर राळ वाळत नाही, आणि जास्त पडले तर ती लवकर वाळेल अशी भाबडी समजूत कोणी करून घेऊ नये; ती वाळल्यासारखी दिसेल, पण तिच्या अंगी पुरते बळ येणार नाही. मामांनी लाकडी दांडीचा एक तराजू केला होता. त्याच्या एका भुजेस राळेचा पेला व दुसऱ्या भुजेस द्रव्याचा पेला ठेवीत. भुजांची लांबी अशी मापून घेतली होती, की दांडी आडवी स्थिर झाली म्हणजे प्रमाण बरोबर. शिवाय एकाच पेल्यात पुष्कळ राळ मिसळली तर ती आपल्याच उष्णतेने तापून धूर ओकू लागते, म्हणून थोडी थोडी राळ पुनःपुन्हा मिसळावी लागे. प्रत्येक पेल्यावर आकडा घालीत, तो पेला पंखाच्या कोणत्या भागास वापरला ते वहीत टिपीत, आणि तळाशी उरलेली राळ दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहत. पेल्यातली राळ कठीण झाली असेल तर पंखातलीही झाली, असा तो ताळा.

इ. स. १९८४ च्या फेब्रुवारी महिन्यातील एका रविवारी रात्री आम्ही बदकाच्या पंखाचा, म्हणजे त्या कॅनार्डचा कणा घालीत होतो. बाहेर थंडी होती. राळेस ऊब पाहिजे म्हणून गॅरेजात विजेची शेगडी लाविली होती. मामा पट्ट्या बसवीत होते व तराजू आमच्या हाती होता. पाच पेले यथासांग झाले. सहावा मिसळावयाच्या वेळी रात्रीचे दहा वाजून गेले होते व दुसऱ्या दिवशी आमची परीक्षा होती. "लवकर आण, पट्टी कोरडी पडते आहे!" मामांनी हाक दिली. आम्ही द्रव्य ओतले. दांडी वरखाली झुलत होती. ती स्थिर होण्यापूर्वीच आम्ही पेला उचलला, राळ ढवळली आणि मामांच्या हाती दिली. निदान आम्हांस पुढच्या क्षणी तसे वाटले. दांडी झुलत होती, की स्थिर होऊन आमच्या हाताच्या धक्क्याने पुन्हा झुलली? आठवू जावे तो काहीच निश्चित आठवेना. तोवर सहावा पेला पंखाच्या मधोमध, जेथे सर्वांत अधिक ताण यावयाचा तेथे मुरून गेला होता.

त्याच वेळी बोललो असतो, तर ओल्या पट्ट्या उचलून काढता आल्या असत्या व एका रात्रीचे काम तेवढे वाया गेले असते. आम्ही बोललो नाही. मामा दमलेले दिसत होते, आमचे डोळे मिटत होते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस लाज वाटली. मामा निजावयास गेल्यावर मध्यरात्रीनंतर आम्ही कडा कापल्या. मग फळीवरच्या सहाव्या पेल्याकडे आमचे लक्ष गेले. उद्या मामा तो नखाने दाबून पाहतील, हा विचार मनात आला, आणि आम्ही तो पेला उचलून केराच्या डब्यात टाकला. सोमवारी सकाळी केराची गाडी येई. ती आली आणि त्याला घेऊन गेली.

सोमवारी संध्याकाळी मामा फळीपाशी उभे राहिले. "पाचच पेले? सहावा कोठे आहे?"

"हातून खाली पडला, म्हणून टाकून दिला," आम्ही म्हणालो.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत 'पेला सहा: पाहिला नाही' असे लिहिले. नंतर खिशातले नाणे काढून ते पंखावर इंचाइंचावर ठोकीत गेले. आत पोकळी राहिली असेल तर नाण्याचा आवाज बद्द येतो. आवाज सर्वत्र सारखा, खणखणीत आला. पंख देखणा झाला होता. परीक्षेचा पेपरही आम्हांस बरा गेला होता. तरीही दोन रात्री झोप म्हणून आली नाही.

बुधवारी मामी मोजपट्टी घेऊन गॅरेजात आल्या. मागल्या आसनाची गादी त्या स्वतः शिवणार होत्या. आमच्याकडून माप घेववून त्या म्हणाल्या, "मला उंचीचे फार भय वाटते. पण तुम्ही दोघे कसे तोलूनमापून करता ते मी रोज पाहते आहे. म्हणून बसेन म्हणते." एवढे बोलून त्या कापड बेतू लागल्या. आम्ही तेथून उठून अंगणात गेलो आणि मोटारीपाशी पुष्कळ वेळ उभे राहिलो. इतके दिवस आम्ही त्या पंखाचा विचार करीत होतो. त्याच्या भरवशावर कोण बसणार, याचा केला नव्हता.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही मामांस सर्व सांगितले. पेला पडला नव्हता, हेही सांगितले. मामांनी दोनच प्रश्न विचारले.

"दांडी स्थिर नव्हती हे तुला नक्की आठवते?"

"नाही, मामा. नक्की नाही आठवत."

"स्थिर होती हे नक्की आठवते?"

"तेही नाही."

मामा बराच वेळ गप्प बसले. ते रागावले असते तर आम्हांस हलके वाटले असते. "पंखावर वाळूच्या पिशव्या ठेवून पाहता येईल का?" आम्ही भीतभीत विचारले. "येईल," ते म्हणाले. "पण आज पेललेला भार दहा वर्षे ऊन आणि थरथर सोसून पेलेल, हे वाळूची पिशवी सांगत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "प्रमाण कोणाच्याही हातून चुकेल, अरे. म्हणून तर पेले ठेवतो. तू पेला टाकलास, तेव्हा विचारावयाला तुझ्याखेरीज कोणी उरले नाही."

शनिवारी सकाळी मामांनी करवत आणली. एक टोक त्यांनी धरले व दुसरे आम्हांस धरावयास सांगितले. कित्येक आठवड्यांचे काम होते ते. करवत सहाव्या पेल्याच्या जागेवरून गेली तेव्हा आम्ही श्वास रोखून पाहत होतो. आत काय दिसले? काही नाही. काच स्वच्छ, फोम निळा, सांधा एकजीव. जशी पहिल्या पेल्याची जागा तशीच सहाव्याची.

"चूक दिसत नाही, मामा," आम्ही म्हणालो. आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. उगीचच कापला असे वाटून गेले.

"दिसण्यासारखी असती तर कापावा लागला नसता," मामा म्हणाले.

सहावा पेला चुकला होता की नव्हता, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही.

नवा कॅनार्ड करावयास दीड महिना लागला. पहिल्या रात्री आम्ही आपण होऊन पट्ट्या कापावयास बसलो. तराजूजवळ जाण्याचा धीर होईना. मामांनी हातातली कात्री काढून घेतली. "तराजूवर तूच," ते म्हणाले. त्या महिन्यात आमच्याइतका सावकाश राळ तोलणारा मनुष्य साऱ्या कॅलिफोर्नियात नसेल. सगळे पेले फळीवर ओळीने राहिले, व प्रत्येक पेल्यास मामांच्या आधी आमचे नख लागले.

पुढे मुख्य पंख झाले, इंजिन बसले, आणि शेवटी रंगाचे काम आले. काचेवर विणीची खरखर असते, ती तशीच ठेवता येत नाही. तेच काचेचे पीठ, पण या वेळी खव्यासारखे घट्ट मळून, सर्व विमानावर लिंपावयाचे व वाळूकागदाने घासावयाचे. पुन्हा लिंपावयाचे, पुन्हा घासावयाचे. महिनेच्या महिने आम्ही धुळीने पांढरे झालो होतो. या लिंपणाखाली काहीही लपून जाते. खळगा, हवेचा बुडबुडा, कोरडी राहिलेली पट्टी, सारे गुळगुळीत! बाहेरच्या माणसास ते कधी कळावयाचे नाही. वरून रंग दिला तो पांढराच, आणि त्यास कारण आहे. गडद रंग ऊन शोषून घेतो, व फार तापल्यास आतली राळ आणि फोम नरम पडण्याची भीती असते.

इ. स. १९८६ च्या वसंतात विमान उडाले. आरंभीचे ठरावीक तास चालकाने एकट्यानेच, विरळ वस्तीच्या भागावर उडावयाचे असा नियम होता. तो पुरा झाल्यावर मामी आपल्या हाताने शिवलेल्या गादीवर मागे बसल्या. खाली उतरल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "खाली पाहिलेच नाही मी. पुढचा पंख पाहत होते." त्यानंतर आमची पाळी आली. मामांच्या खांद्याच्या दोन्ही बाजूंनी बदकाचा तो पांढरा पंख वाऱ्यात थोडासा लवताना दिसत होता. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. आम्ही मनातल्या मनात पेले मोजीत होतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात रुटान यांनीच आखलेल्या 'व्हॉयेजर' विमानाने कोठेही न थांबता व इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते फायबरग्लासहून पुष्कळ हलक्या व ताठ अशा कार्बनतंतूंचे होते. १४ डिसेंबरला डिक रुटान आणि जीना येगर यांनी ते आकाशात नेले, तेव्हा इंधनाच्या भाराने पंखांची टोके धावपट्टीवर घासून झिजली आणि टोकांवरील लहान उभे पंखही पुढे गळून पडले. तरीही नऊ दिवसांनी, सुमारे २५,००० मैल उडून, २३ डिसेंबरला ते सुखरूप परतले. आम्ही मामांच्या घरी ती बातमी ऐकत होतो. मामी म्हणाल्या, "टोके घासली तरी आतले काम पक्के असले पाहिजे." आता त्या या विषयातल्या जाणकार झाल्या होत्या.

काचतंतूंची ही विद्या परदेशापुरती राहिलेली नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडलेले 'हंस' हे दोन आसनांचे विमान अशाच तंतूंचे आहे व त्याचे पहिले उड्डाण इ. स. १९९३ मध्ये झाले. आणि घरी विमान बांधण्याची हौस म्हणाल, तर मुंबईत कांदिवलीस कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले व ते इ. स. १९१६ नव्हे, अगदी अलीकडे, इ. स. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. तेव्हा आमच्या वाचकांपैकी कोणी उद्या घरच्या गच्चीकडे निराळ्या नजरेने पाहू लागला, तर पालकांनी एकदम रागावू नये.

लाँग-ईझीची एक लकब सांगून हा लेख पुरा करतो. ते उभे करून ठेवावयाचे असले की त्याचे पुढले चाक पोटात ओढून घेतात व नाक जमिनीस टेकवितात. आमचे विमान असे गुडघे टेकून उभे राहिले, की मामा जाता जाता एकदा खाली वाकून कॅनार्डच्या खालच्या बाजूवरून हात फिरवीत. वर रंग चकाकत असे. त्याकडे त्यांचे लक्ष नसे. ते पाहिले की आम्हांस आमच्या सुतारकामाच्या गुरुजींची आठवण होई. त्या कापलेल्या पंखाचा वीतभर तुकडा आम्ही मायदेशी येताना बरोबर आणला. तो आमच्या टेबलावर आहे. सहाव्या पेल्याची जागा तीच. अजूनही कधी कधी आम्ही तो उजेडाकडे धरून पाहतो. काच स्वच्छ दिसते, फोम निळा दिसतो, आणि बाकी काही दिसत नाही.